फक्कीने आखलेली वस्ती

रेघ मारायला हात नव्हे, पोट लागतं, असं फक्कीकाका म्हणत. चुन्याची पांढरी फक्की भरलेली चाकाची गाडी ढकलताना माणूस मध्येच उसासला, की रेघ तिथे फुगते. काका वर्षानुवर्षं त्या खेळाच्या मैदानावर रेघा मारत होते आणि त्यांच्या रेघेबद्दल आजवर एकाही पंचाने तोंड उघडलं नव्हतं. त्यांचं खरं नाव खेळाडूंना माहीत नव्हतं, घरच्यांनीही ते सोडून दिल्यात जमा होतं. माणूस तसा कमी बोलणारा, पण बोलला की ऐकणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. ओल्या बुटांनी कुणी रेघ तुडवली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

पण त्या आठवड्यात काकांची रेघ हलत होती. लागोपाठ दोन दिवस गोलासमोरची चौकट वाकडी आली, पुसून पुन्हा मारावी लागली. कारण मैदानावर वस्ती येणार होती.

झालं होतं असं. मैदान होण्याआधी तिथे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती होती. ती उठवली, लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतींत घरं दिली आणि जमीन सपाट करून गवत लावलं. काकाही त्याच वस्तीतले. आमच्या चुलीच्या जागी आता गोलाचा खांब आहे, असं ते थट्टेने सांगायचे आणि ऐकणारा हसला की त्याच्यावरच चिडायचे. आता कुठून तरी एक चित्रकार बाई उगवली होती. तिला कागदावर काही काढायचं नव्हतं, भिंतीवरही नाही. वस्तीतल्या जुन्या लोकांनी एका सुट्टीच्या सकाळी मैदानावर यायचं, आपापली खोली होती तेवढीच्या तेवढी फक्कीने जमिनीवर काढायची आणि दुपारपर्यंत तिच्यात बसायचं. नियम एकच, रेघ ओलांडायची नाही. भिंत म्हणजे भिंत. आत जायचं ते दारातून, फिरायचं ते गल्लीतून.

"आणि चित्र कुठंय यात?" काकांनी विचारलं होतं.

"हेच चित्र," बाई म्हणाली.

"बरंय. संध्याकाळी पाण्याचा पाइप मारला की साफ."

बाई हसली. काकांची लेकही हसली. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बाई तिथे चष्मा करायला आली, बोलता बोलता वस्तीचा विषय निघाला आणि पोरगी या खुळात पुरती बुडाली. जुन्या शेजाऱ्यांचे पत्ते काढ, फोन कर, रुसलेल्यांना समजाव, सगळं तीच करत होती. वेल्डरलाही तिनेच बोलावलं होतं. बापाला न विचारता.

वेल्डर आणि काका, दोघांचं बोलणं बंद होऊन लेकीच्या वयाएवढी वर्षं झाली होती. काकांची बायको बाळंतपणात गेली. मूल आडवं आलं होतं. वस्तीत सुईणपण करणाऱ्या आत्याने हात टेकले आणि सांगितलं, आता माझ्याच्याने होणार नाही, दवाखान्यात हलवा. मोठ्या रस्त्यावर गाडी येऊन उभी राहिली, पण वस्तीत गाडी शिरायची सोय नव्हती. चौघांनी बायकोला खाटेसकट उचललं. गल्लीच्या वळणावर वेल्डरची खोली होती. त्याने वर माळा काढून बाहेरून लोखंडी जिना चढवला होता आणि जिन्याची खालची पायरी गल्लीत आली होती. खाट त्या पायरीवर आपटली. फिरेना. शेवटी उलटे फिरून, नाल्याच्या कडेने वळसा घालून गेले. पोर वाचली, आई वाचली नाही. जरा आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. त्या ‘तर’मध्ये काका अजून अडकून पडले होते.

वेल्डरने तिसऱ्याच दिवशी आपला जिना कापून टाकला. काकांना त्याचं काही वाटलं नाही. चोराने पुरावा गिळला, एवढंच ते म्हणाले.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा कुणीतरी तिला टोचलं, तू जन्मलीस आणि आईला खाल्लंस. घरी येऊन तिने दप्तरसुद्धा न काढता विचारलं, "बाबा, आई माझ्यामुळे गेली का?"

"नाही. जिन्यामुळे."

काकांनी हे इतकं ठासून सांगितलं, की पोर दप्तर काढून जेवायला बसली. तेव्हापासून त्या घरात आईचा विषय निघाला की जिना निघायचा. काका जिन्यावर घसरले की त्यांना आवरणं कठीण. त्याच्या पायऱ्या, त्याचा गंज, त्याचा आगाऊपणा, पोरीला सगळं पाठ होतं.

आणि आता तो जिना सगळ्या लोकांसमोर जमिनीवर निघणार होता, फूट-इंचात. फूट-इंच कुणाची भीडभाड ठेवत नाहीत, हे काकांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? खाट जिन्याला आपटली, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पाहिलेलं आणि मोजलेलं यात फरक पडतो. समजा, जिना काढल्यावरही खाटेला पुरेल एवढी जागा उरली, तर? मग पोरीच्या त्या प्रश्नाला दुसरं कुठलं उत्तर द्यायचं? काकांना दुसरं उत्तर येत नव्हतं, आणि रेघ हलत होती ती त्यामुळे.

सुट्टीच्या सकाळी लोक आले ते लग्नाला आल्यासारखे, धुतलेल्या कपड्यांत, पोराबाळांसकट, कुणी खुर्ची घेऊन, कुणी पाण्याचा माठ घेऊन. काकांनी बादल्यांत फक्की काढून ठेवली होती. बाईने सांगितलं, करा सुरुवात. आणि तासाभरात असा काही घोळ झाला की बाईचं तोंड सुकलं.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. पण ज्याने त्याने पावलं टाकून आपली खोली आठवली होती, आणि आठवणीत प्रत्येकाची खोली ऐसपैस होती. शिंपी म्हणाला माझं मशीन इथे, कपाट तिथे, मध्ये मुलं झोपायची, आणि त्याची रेघ गेली थेट दुसऱ्या गोलापर्यंत. दहा-बारा घरांतच मैदान संपलं. अर्धी वस्ती बादल्या घेऊन बाहेर उभी. आणि गल्लीला तर कुणी बोटभरही जागा सोडली नव्हती.

"तुमचं घर माझ्या मोरीत आलंय!"

"तुमची मोरी होती कुठे एवढी? बशीत बसून अंघोळ करायचात तुम्ही."

आवाज चढले. बाई इकडून तिकडे धावत होती. तेवढ्यात कुंपणाजवळून कुणीतरी म्हणालं, "पत्रे मोजा."

वेल्डर. कधी येऊन उभा राहिला ते कुणाला कळलंही नव्हतं. थकला होता, एका डोळ्याने पाणी गळत होतं, शर्टाच्या बाहीला जुनी भोकं. तो बाईकडे बघूनच बोलला, काकांकडे नाही. "सगळ्यांच्या खोल्या पत्र्याच्या. पत्रा दहा फुटी. निम्म्या वस्तीचे तर मीच ठोकलेत. कापून कुणी लावला नाही. एक पत्रा लांब, एक पत्रा रुंद. बाकी सगळं मनातलं."

कुंपणापलीकडे सार्वजनिक नळाचा सिमेंटचा ओटा अजून शाबूत होता. तिथून टेप लावायचं ठरलं. लेकीने टेप धरली, काकांनी गाडी धरली. जुन्या रेघा झाडूने पुसल्या आणि काका एकामागून एक चौकोन मारत सुटले. लोक आपापल्या चौकोनात जाऊन उभे राहिले आणि एकदम आवाज उतरले. शिंपी चार पावलं चालला आणि भिंतीला लागला. "सहा जण राहायचो आम्ही," तो बायकोला म्हणाला, जणू तिला माहीत नव्हतं.

आता गल्ली. ती किती रुंद, यावर पुन्हा वाद. तेव्हा घागरवहिनी पुढे झाल्या. वस्तीत असताना दिवसातून दहा वेळा पाणी वाहणारी बाई. त्यांनी कुणाच्या तरी हातातून माठ घेतला, कमरेवर टेकवला, दुसऱ्या हातात फक्कीची बादली धरली आणि डोळे मिटले. "सरका सगळे," म्हणाल्या आणि चालू लागल्या. कोपर कुठे आत घ्यायचं, बादली कुठे उचलायची, अंगाला सगळं ठाऊक. काका मागून रेघ ओढत होते. वळणावर आल्यावर वहिनी आपोआप आडव्या झाल्या, खेकड्यासारख्या सरकल्या आणि डोळे उघडून थांबल्या.

"इथे तो..." वहिनी म्हणाल्या.

सगळं मैदान काकांकडे बघत होतं. बाईने हळूच विचारलं, "जिना... कोण काढणार?"

"तो म्हणेल तिथे," वेल्डर म्हणाला. मान खाली. "तो काढेल तेवढा."

काकांना वाटलं, आता जिना असा काढावा की अख्खी गल्ली गिळून टाकेल. कोण अडवणार होतं? वेल्डर तर मान खाली घालून बसला होता. त्यांनी गाडी वळवली. पण हाताला खोटी रेघ मारायची सवय नव्हती. वहिनी जिथे आडव्या झाल्या, तिथवरच पायरी आली, एका वितीएवढी. काकांनी श्वास सोडला. एवढीशी? एवढीशी पायरी?

लेक टेप गुंडाळत बापाच्या तोंडाकडे बघत होती.

आणि त्याच वेळी सुईण आत्या आली. पाय गेलेली म्हातारी, पुतणे तिला घेऊन आले ते खाटेवर झोपवूनच. यात कुणाचाही डाव नव्हता, तिला आणायचा दुसरा मार्गच नव्हता. आत्याची खोली वळणाच्या पलीकडे. पुतण्यांनी मैदान मोकळं पाहून सरळ आडवं जायला पाय टाकला, तर पन्नास माणसं एकदम ओरडली, "भिंत आहे! गल्लीतून आणा!"

ओरडून झालं आणि मग प्रत्येकाला कळलं, आपण काय म्हणालो ते.

पुतणे हसत गल्लीत शिरले. ती पोरं नंतरची, त्यांना काय माहीत. खाट पुढे येत गेली तसे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या दारात येऊन उभे राहिले. काकांच्या हातातली गाडी सुटून कलंडली. खाट वळणाशी आली, पुढची पोरं वळली, मागची आली, आणि खाटेची कड बरोबर पायरीच्या रेघेवर येऊन थांबली. पुतण्यांनी खाली पाहिलं. नुसता चुना. पण एकानेही रेघेवर पाय टाकला नाही.

"बघा!" काका ओरडले. आवाज फाटला. "बघा सगळ्यांनी! अडली की नाही? अडली!"

ते लेकीकडे बघून ओरडत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, सुटका होती. वेल्डरने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"बघितलं," खाटेवरून आत्या म्हणाली. "आता पुसा तो जिना आणि चला पुढे. माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय."

वेल्डर तसाच उठला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पायाने ती पायरी घासायला लागला. टाच दाबून, गवत उपटेपर्यंत. कुणी त्याला थांबवलं नाही. पांढरा डाग तेवढा राहिला. "न्या," तो म्हणाला.

पुतण्यांनी खाट उचलली. पुढे घेतली, फिरवली. मागचा कोपरा वेल्डरच्या भिंतीला लागला. जरा पुढे घेतली, तर पुढचा पाय घागरवहिनींच्या घरात.

"मागे घे थोडी."

"मागे भिंत आहे."

"तिरकी कर."

"तिरकी केलीस तर मी पडेन, मेल्या," आत्या म्हणाली.

पुन्हा घेतली. पुन्हा अडली. जिना नव्हता, पायरी नव्हती, मोकळी गल्ली होती आणि खाट फिरत नव्हती. शिंप्याने स्वतः येऊन पाहिलं, कमरेत वाकून दोन्ही कोपरे बघितले.

"पण आपल्या खाटा तर इथूनच आत आल्या ना?" कुणीतरी म्हणालं.

"उभ्या," घागरवहिनी हळूच म्हणाल्या. "उभी करून आणायचो आपण खाट. डोक्यावरून."

वस्ती होती तोवर त्या वळणावरून शेकडो खाटा गेल्या असतील, पण वर माणूस झोपलेलं असताना एकही गेली नव्हती. त्या दिवशी ती जिन्याला आपटली, म्हणून सगळ्यांनी जिनाच पाहिला. तो नसता तर अजून दोन पावलं पुढे जाऊन अडली असती, एवढंच.

वेल्डर मटकन खाली बसला. आधी तो हसतोय असं वाटलं, मग खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या झालेल्या पायावर हात ठेवून हमसाहमशी रडत होता. त्याच्या बायकोने धावत येऊन त्याला धरलं. ती नुसती पाठ चोळत होती.

काकांना ते बघवेना. त्याचं ओझं उतरलं होतं आणि ते नेमकं कुणाच्या डोक्यावर येणार, हे त्यांना दिसत होतं. ते झेपावले, एका पुतण्याला बाजूला सारून खाटेचा डोक्याकडचा भाग धरला. "नीट धरा! फिरते ती! तुम्हाला जमत नाही!" त्यांनी खाट ओढली, ढकलली, आत्या कळवळली. ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याला रेघ तुडवू दिली नाही, त्यांच्या पायांनी वळणाचा सगळा चुना विस्कटला. तरी खाट फिरत नव्हती.

"मग कुणामुळे?" ते किंचाळले. आत्यावर, पुतण्यांवर, सगळ्यांवर. "मग कुणामुळे गेली ती?"

आणि तोंडातून निघालेलं परत घेता आलं असतं तर त्यांनी जीभ कापून दिली असती. लेक समोरच उभी होती. एवढ्या वर्षांचा तो जिना गेला होता आणि त्या जागी आता कुणीही नव्हतं, तिच्याशिवाय.

लेकीने टेप खाली ठेवली. तिने बापाच्या बोटांची पकड एकेक करून खाटेवरून सोडवली. "सोडा बाबा. आत्याला लागतंय." मग ती निघाली. वळणावरच्या विस्कटलेल्या चुन्यातून नाही, मागे फिरून, गल्लीने, तीन घरं सोडून स्वतःच्या चौकोनाशी आली. तिथे दाराला रेघ सोडलेली होती. ती दारातून आत गेली.

"बाबा, इकडे या."

काका गेले. दारात थबकले. त्यांना वाटलं, आता ती तोच प्रश्न विचारणार, आणि या वेळी आपल्याकडे काहीही नाही.

"मी लहान होते तेव्हा एकदा विचारलं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही जिना सांगितलात. मी मान्य केलं. पण खरं सांगू? त्यानं माझं समाधान कधीच झालं नाही. अजूनही रात्री मनात येतं ते येतंच. त्याला तुम्ही काही करू शकत नाही." ती चौकोनाच्या मधोमध येऊन उभी राहिली. "मात्र जिना मला पुरता पाठ झाला. किती पायऱ्या, कुठल्या पायरीला गंज, कठडा कुठल्या बाजूला. आणि आईचं मला एवढंसुद्धा माहीत नाही. एवढंसुद्धा नाही, बाबा. इथे ती कुठे बसायची?"

काकांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. गवत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या मनात जिनाच आला, खाटच आली. त्याच्या अलीकडचं काही येईना. आपण तिला विसरलो की काय? एवढं भांडलो तिच्यासाठी आणि तिलाच विसरलो? लेक वाट बघत होती.

"ऊठ," काका एकदम वेल्डरला म्हणाले. सगळ्या वर्षांतला पहिला शब्द. "ऊठ तिथून. वाटेत बसलायस. वाटेत फक्त तीच..."

ते अडखळले. मग वाकून त्यांनी दाराच्या मोकळ्या जागेत हात ठेवला.

"इथे," ते म्हणाले. "आत नाही. आत तिचा जीव घुसमटायचा. इथे, उंबऱ्यावर. पाय असे बाहेर गल्लीत पसरून. कुणी आलं-गेलं तरी आखडून घ्यायची नाही. घ्यायचीच नाही! तुमची वाट असेल तर माझीही आहे, म्हणायची."

"माझी भरली घागर तिनं दोनदा सांडवली त्या पायांनी," घागरवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "आणि वर मलाच हसली."

लेक उंबऱ्यावर बसली. तिने पाय गल्लीत लांब केले.

"असे?"

"अजून," काका म्हणाले. "तुझ्यापेक्षा उंच होती ती. अजून लांब कर."